याचं तुम्ही करता तरी काय?

लोखंडी सामानाच्या त्या दुकानात काही शोधायचं असेल तर फळ्यांकडे बघून उपयोग नसे, ताईंकडे बघावं लागे. खिळे, स्क्रू, कड्या, कोयंडे, बिजागऱ्या, नळाचे वॉशर असं सगळं जमिनीपासून छतापर्यंत डब्यांत रचलेलं होतं. डब्यांवर चिठ्ठ्याही होत्या, पण चिठ्ठीत एक आणि डब्यात भलतंच. गिऱ्हाईक दारातूनच हवेत बोटांनी आकार काढायचं, "हे असं असतं बघा ताई, मधे भोक, आणि एका बाजूचा कान जरा वाकडा." ताई मान न वळवता हात मागे घालायच्या आणि नेमकी तीच वस्तू काउंटरवर ठेवायच्या.

दुकान त्यांच्या वडिलांचं, आप्पांचं. थोरला भाऊ शिकून लांब निघून गेला. ताईंचं लग्न जमता जमता फिसकटलं, आणि पुढे ते जमवायचा उत्साह कुणाला राहिला नाही, ताईंना तर मुळातच नव्हता. आई गेल्यावर आप्पांना दुपारी जेवायला बोलवायला म्हणून त्या दुकानात यायला लागल्या आणि तिथल्याच झाल्या. आता त्यांनी पन्नाशी ओलांडली होती आणि आप्पा ऐंशीच्या घरात होते. आप्पांना ऐकू जवळजवळ येत नसे. कानाचं यंत्र ते खिशात ठेवत. "त्याच्यात नुसती खरखर येते, माणसं येत नाहीत," असं त्यांचं म्हणणं. दिवसभर ते दाराजवळच्या खुर्चीत बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हात करत. दुकान आपणच चालवतो हा त्यांचा समज अजून पक्का होता. ताईंनी तो कधी मोडला नाही.

गिऱ्हाईक बहुतेक कामकरी. प्लंबर, सुतार, वायरमन. ही माणसं न विचारता सगळं सांगून टाकायची. कुणाच्या घरचा नळ थांबत नाही, कुणाचं कपाट लग्नाच्या आधी हवंय आणि कुणाचं लग्नच मोडल्यामुळे नको झालंय. पण काही गिऱ्हाइकं अशीही होती की सामान न्यायची आणि तोंडातून शब्द काढायची नाहीत. एक बाई बारीक तारेची गुंडाळी आधी गालाला लावून बघायची आणि मगच घ्यायची. एक मुलगी एकाच मापाचे नट मूठमूठ न्यायची, पण बोल्ट एकही नाही. ताईंना वाटायचं, असतात अशी माणसं. "डोक्याचा एखादा स्क्रू सैल असेल," असं त्या आप्पांना ओरडून सांगायच्या आणि आप्पा म्हणायचे, "मग आपल्याकडेच यायचे ते, दुसरीकडे कुठे जातील?"

एका दुपारी एक उंच, सडपातळ माणूस दुकानात आला. केस पिकलेले, खिशाला पेन. त्याला बिजागरी हवी होती.

"किती इंची?" ताईंनी विचारलं.

"माप कुठलंही चालेल. कुरकुरणारी हवी."

ताईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "न कुरकुरणारी?"

"नाही हो. चांगली मोठ्याने कुरकुरली पाहिजे."

शेजारी एक प्लंबर उभा होता. तो फिस्सकन हसला. ताईंना हसूही येईना आणि रागही धड येईना. त्यांनी दोन-चार बिजागऱ्या समोर टाकल्या. त्या माणसाने एकेक उचलून कानाशी धरली, हळूच उघडली, मिटली आणि खाली ठेवली. जणू भाजीवाल्याकडे नारळ वाजवून घेतोय. शेवटी ताईंनी कंटाळून गंजक्या, परत आलेल्या मालाचा डबा त्याच्यापुढे उपडा केला. त्याचा चेहरा असा उजळला की प्लंबरचं हसू थांबलं.

"याचं तुम्ही करता तरी काय?" ताईंच्या तोंडून निघून गेलं. इतक्या वर्षांत असा प्रश्न त्यांनी कुणाला केला नव्हता. गिऱ्हाइकाला पाहिजे ते द्यावं आणि मोकळं व्हावं, ही आप्पांची शिकवण.

"सांगून नाही कळणार. या ना एकदा. बंद पडलेल्या गॅरेजच्या वर राहतो मी. रविवारी घरीच असतो."

ताई गेल्या नाहीत. पुढच्या रविवारीही नाही गेल्या. अनोळखी माणसाकडे बिजागऱ्या ऐकायला जायचं हे सांगायलासुद्धा विचित्र वाटत होतं. पण मग एका रविवारी आप्पा झोपले, कपडे धुऊन झाले, आणि काही केल्या ते कुरकुरणं डोक्यातून जाईना. त्यांनी चपला घातल्या.

गॅरेजच्या वरची खोली मोठी होती आणि तिच्यात भिंती सोडून सगळीकडे दारं होती. छताच्या तुळयांपासून लाकडी चौकटी खाली सोडलेल्या आणि प्रत्येक चौकटीत एक दार. कुठे कपाटाचं, कुठे न्हाणीघराचं, कुठे खिडकीची एकच झडप. पाडायला काढलेल्या घरांमधून आणलेली, असं बिजागरीवाल्याने सांगितलं. एक दार ढकलून पलीकडे गेलं की समोर दुसरं. त्याची बायको कोपऱ्यात बसून कसलेसे पेपर तपासत होती. तिने नुसती मान हलवली, जणू दारं ढकलायला रोजच कुणी ना कुणी येतं.

ताईंनी पहिलं दार ढकललं. आधी कोरडा, तुटका आवाज आला आणि मग लांबलचक, वर चढत गेलेला.

"तेल हवंय याला," त्या सवयीने म्हणाल्या.

"तेलाचं नाव काढू नका इथे!" बिजागरीवाला खरंच घाबरला.

मग ताईंना हसू फुटलं. त्या दारांतून हिंडत राहिल्या, आधी भराभर आणि मग सावकाश. एका दारापाशी थबकल्या, ते पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं आणि म्हणाल्या, "या तर आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी. बोलायला लागल्या की अश्शा." पलीकडचं जाड दार म्हणजे झोपेतून उठवल्यावर आप्पा. न्हाणीघराचं दार कुणासारखं ते त्यांना आठवेना. त्यांनी ते कितीदा तरी ढकललं. लहानपणी ताई घरी अंथरुणावर पडलेल्या असताना कुणीतरी पहाटे असंच दार उघडून, कुणाला जाग येऊ नये म्हणून दबकत बाहेर जायचं. आई असेल. नक्की सांगता आलं नसतं. ताई तिथे खूप वेळ उभ्या राहिल्या.

निघताना त्या म्हणाल्या, "याला म्हणायचं काय पण?"

"लोक काहीही म्हणतात. ही पसारा म्हणते," त्याने बायकोकडे बोट केलं.

"पसाराच आहे," बायको पेपरातून डोकं न काढता म्हणाली, "पण सवय झालीय. गावाला गेले की तिथली दारं मुकी वाटतात."

त्या दिवसापासून ताईंना खोडच लागली. सामान बांधून देताना त्या विचारायच्या, "याचं तुम्ही करता तरी काय?" काही लोक टाळायचे. काही असे फुलायचे की मागची रांग खोळंबायची. नट नेणारी मुलगी म्हणाली, मी सिनेमा करते. ताईंनी तिच्या खोलीवर जाऊन बघितलं. टेबलावर नटांची रांग मांडायची, फोटो काढायचा, प्रत्येक नट केसभर सरकवायचा आणि पुन्हा फोटो. दिवसभर राबल्यावर पडद्यावर डोळ्याची पापणी लवेपर्यंतचा सिनेमा. पण त्या तेवढ्या वेळात ते नट मुंग्यांसारखे रांगेतून फुटले, घाबरले आणि पुन्हा गोळा झाले. "नट घाबरले हो आप्पा!" ताईंनी घरी येऊन सांगितलं. आप्पांना वाटलं, माल चोरीला गेला.

सगळंच आवडलं असं नाही. एका माणसाने मोठ्या काचेवर फटी बुजवायचं सिलिकॉन ओतून ठेवलं होतं आणि त्यावर तो इतका वेळ बोलला की ताईंच्या पायाला मुंग्या आल्या. त्याच्याकडे त्या परत गेल्या नाहीत. पण सिलिकॉन विकत राहिल्या.

खरा धक्का मात्र ओळखीच्या माणसाने दिला. सुतारमामा ताई लहान असल्यापासून दुकानात यायचे. टेबलं, खुर्च्या, पलंग करायचे आणि लाकूड घासायच्या पॉलिश पेपरचे गठ्ठे न्यायचे. एकदा ताईंनी त्यांनाही थट्टेने विचारलं, "मामा, एवढ्या पेपरचं करता तरी काय?"

मामांनी हसून सोडून द्यायला हवं होतं. त्याऐवजी त्यांचे कान लाल झाले. "घासतो," ते म्हणाले. मग जरा थांबून, खाली बघत, "आणि मग ठेवतो."

"ठेवता? वापरलेला?"

"टाकवत नाही."

मामांच्या घरी पलंगाखाली एक पत्र्याची पेटी होती. ती ओढून काढताना मामींनी दारातूनच सांगितलं, "केर आहे तो, ताई. मी दोनदा टाकून दिला होता. दोनदा उचलून आणला यांनी."

वापरलेले कागदच होते. पण कुठल्या लाकडाची भुकटी त्यात बसली त्याप्रमाणे प्रत्येकाचा रंग निराळा होता. कुठे तांबूस, कुठे पिवळट, कुठे राखेसारखा. बोटं दाबली गेली तिथे खडी झिजून खालचा कागद चमकत होता. मामांनी ते कडेला कड जुळवून मागून कापडावर चिकटवले होते. त्यांनी एक तुकडा जमिनीवर उलगडला, चादरीएवढा. उंचावरून शेतं दिसावीत तसं काहीतरी दिसत होतं. ताईंनी तो कागद स्वतःच्या हाताने मोजून दिला होता आणि तोच आता ओळखू येत नव्हता.

"मामा, हे कुणाला दाखवलंत?"

"कुणाला दाखवायचं? हिला दाखवलं, हिने केरात टाकलं."

ताई घरी परतेपर्यंत त्यांच्या मनात एकच विचार घोळत होता. दुकानाची दर्शनी काच. तिच्यामागे आप्पांनी फार पूर्वी कुलपं मांडली होती, लहानापासून मोठ्यापर्यंत, मखमलीवर. मखमल उन्हाने विटून कुठल्याच रंगाची राहिली नव्हती, आणि तिथलं कुलूप मागायला कुणी आल्याचं ताईंना आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वादाला तोंड फुटलं. आप्पांशी काहीही बोलायचं तर ओरडून बोलावं लागे, त्यामुळे भांडण अख्ख्या रस्त्याने ऐकलं.

"कुलपं काढून काय लावणार म्हणालीस?"

"पॉलिश पेपर!"

"बरं. नवीन माल आलाय का?"

"नाही! वापरलेला!"

आप्पांनी खिशातून यंत्र काढून कानाला लावलं, ताईंना पुन्हा बोलायला लावलं आणि यंत्र काढून पुन्हा खिशात ठेवलं. "वापरलेला माल काचेत लावणार. म्हणजे लोक म्हणतील, दुकान बुडालं."

"आप्पा, लावू द्या की!" रस्त्यावरून सायकलवर चाललेला प्लंबर ओरडला. आप्पांना ते ऐकू आलं नाही, पण आपल्याविरुद्ध कट शिजतोय हे कळलं. ते दिवसभर रुसून बसले. संध्याकाळी तोडगा निघाला: अर्धी काच कुलपांची, अर्धी ताईंची.

मामांचा तुकडा लागला. मामा मात्र रस्त्याच्या पलीकडून जायला लागले, मान खाली घालून, जणू त्यांची उधारी थकलीय. लोक थबकायचे. एकाने आत येऊन सांगितलं, "अहो, तुमच्या काचेत जुना कागद राहिलाय." एक शिक्षिका रोज शाळेच्या मुलांना बसपर्यंत सोडून परत येताना थांबायची आणि तिला दर वेळी त्यात नवीन काहीतरी दिसायचं. आणि एका सकाळी ताई दुकान उघडायला आल्या तर मामी एकट्याच काचेसमोर उभ्या. त्यांनी रुमालाने काच बाहेरून पुसली, एक कोपरा परत पुसला, आणि ताईंना बघताच म्हणाल्या, "धूळ बसते. रोज पुसत जा." त्यानंतर पेटी पलंगाखालून निघाली आणि खोलीत टेबलावर आली.

मग बिजागरीवाल्याचं एक लहान दार दुकानात टांगलं गेलं, काचेच्या आतल्या अंगाला, येणाऱ्याने ढकलून बघावं म्हणून. आप्पा त्याकडे पाठ करून बसायचे. त्यांच्या लेखी ते एक बिघडलेलं दार होतं आणि बिजागऱ्या विकणाऱ्या दुकानात बिघडलेलं दार ठेवणं म्हणजे हद्द झाली. बिजागरीवाल्याने त्यांना समजावण्याच्या भानगडीत न पडता त्यांचा पंजा धरून दाराच्या फळीवर ठेवला आणि दार सावकाश उघडलं. लाकूड थरथरलं. आप्पांनी हात काढला नाही. भुवया वर गेल्या. "परत," ते म्हणाले. बिजागरीवाल्याने परत उघडलं. त्या दिवसापासून दार ढकलणाऱ्यांत आप्पाच सर्वांत पुढे असायचे.

तारवाली बाई सर्वांत शेवटी बोलली. ती टपालाच्या कचेरीत खिडकीवर काम करायची आणि घरी क्रोशाच्या सुईने तारेचं विणकाम करायची. बोटांना कायम चिकटपट्ट्या. ताईंनी तिला सांगितलं, भाजून मऊ केलेली तार मिळते, मी मागवून देते, हात कापणार नाहीत. ती म्हणाली, "मऊ तार माझं सगळं ऐकते. मला जरा न ऐकणारी हवी." तिने काचेसाठी दिलेली वस्तू काय होती हे ताईंना कळलं नव्हतं. भांडं म्हणावं तर बूड नाही, पिशवी म्हणावं तर बंद नाहीत. एका बाजूला तोंड, बाकी सगळं ताठ आणि फुगीर.

"खरं सांगते, मला काही कळलं नाही," ताई म्हणाल्या.

"मलाही अजून नाही," ती म्हणाली. "लोकांसमोर ठेवून बघू."

मामांच्या कागदाच्या जागी ती वस्तू लागली. आणि मग ताई दाताच्या डॉक्टरकडे गेल्या. अर्धा जबडा बधिर घेऊन परत आल्या तर त्यांची अर्धी काच रिकामी. आप्पा खुर्चीत ताठ बसलेले, चेहऱ्यावर जिंकल्याची ऐट.

"विकली!"

"काय विकलं?" ताईंना धड ओरडताही येईना.

"टोपली! तारेची! त्या मागच्या गल्लीतल्या लाँड्रीवालीने विचारलं, कांदे ठेवायला चालेल का. म्हटलं, धावेल. पिशवीही दिली वर फुकट." ताईंचा चेहरा बघून त्यांचा आवाज खाली आला. "तूच काचेत लावलीस ना? काचेत लावतात ते विकायलाच."

संध्याकाळपर्यंत त्या स्वतःशीच वाक्यं जुळवत होत्या. शेवटी टपाल कचेरीत जाऊन रांगेत उभ्या राहिल्या आणि नंबर आल्यावर खिडकीतून वाकडं तोंड करून सगळं सांगून टाकलं. तारवालीचा शिक्का हवेतच राहिला. मग तिने तो पार्सलवर मारला, नीट जागेवर ठेवला आणि विचारलं, "कांदे?"

"कांदे."

"मला बघायचंय."

रजा मिळायला आठवडा गेला, मग ती दुकानात आली. आप्पांनी कोट चढवला होता. "मी विकलं. परत मागायचं तर मीच मागणार," ते म्हणाले, आणि त्यांना थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. तिघं मागच्या गल्लीत गेले. लाँड्रीत वाफेने काही दिसत नव्हतं. आप्पा दारातूनच गरजले, "बाई, चूक झाली! टोपली नाही ती!"

"मग काय आहे?" आतून आवाज आला.

लाँड्रीवाली हात पुसत बाहेर आली, त्यांना आत घेऊन गेली. मागच्या खोलीत खिडकीच्या खिळ्याला ती वस्तू टांगलेली होती, कांद्यांनी भरलेली. वजनाने ती खाली ओघळली होती. ताठपणा गेला होता, एक बाजू खोल उतरली होती आणि तिला बूड आलं होतं. बहुतेक कांदे जुने, मोड आलेले, आणि तारेच्या भोकाभोकांतून हिरवे कोंब बाहेर पडून खिडकीकडे वळले होते.

तारवाली जवळ गेली. खाली उतरलेली बाजू तिने बोटाने चाचपली. ताईंना वाटलं, आता ही रडणार.

"मी वाकवलं की वाकवल्यासारखं दिसायचं," ती शेवटी म्हणाली. "किती वेळा उसवलं मी हे."

"परत हवंय का तुम्हाला?" लाँड्रीवाली जरा धास्तावली. "मग माझे कांदे कुठे जातील?"

"नको. राहू दे इथेच. मी मधूनमधून येऊन बघितलं तर चालेल?"

"या की. पण मोडाचे कांदे मी काढणार हं, भाजीला लागतात."

"काढा. नवे घाला. फक्त तिला सरळ करू नका."

आप्पांना यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. ते एकेकीच्या तोंडाकडे बघत होते. "काय म्हणते ती? परत घ्यायची ना?" ताईंनी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, "नाही! बरोबर विकलीत!" आप्पांनी कोटाची बटणं नीट केली, जणू हे त्यांना आधीपासून माहीत होतं.

तारवाली पुढे खरंच लाँड्रीत जात राहिली. लाँड्रीवाली कांद्याऐवजी कधी साबणाच्या वड्या, कधी लसूण घालून ठेवायची आणि काय जास्त चांगलं दिसतं यावर तिचं मत तयार असायचं. दोघींचं जमलं. ताईंच्या काचेत आता अर्ध्या बाजूला दर महिन्या-दोन महिन्यांनी नवीन काहीतरी लागतं आणि खाली ताईंच्या अक्षरात पाटी असते: विकायचं नाही, विचारायचं असेल तर आत या. लोक आत येतात. निम्मे नुसतं विचारून जातात, निम्मे जाता जाता खिळे नेतात.

आप्पांनी एका शनिवारी स्वतःहून विचारलं, "उद्या कुणाकडे?"

"शहराबाहेर एक जण मातीची भांडी करतो. भट्टी लावणार आहे म्हणे."

"मी येतो."

बसने एवढ्या लांब ते कित्येक वर्षांत गेले नव्हते. उतरल्यावर चढ लागला, दोनदा थांबले, पण परत जाऊ म्हणाले नाहीत. घर सापडलं तर घरात कुणीच नाही. अंगणात भट्टी गार, बाजूला फुटक्या भांड्यांचा ढीग. शेजारच्या बाईने कुंपणावरून सांगितलं, लाकडं आणायला गेलाय, येईल तासा-दोन तासांत, नाहीतर संध्याकाळी, त्याचं काही खरं नसतं.

ताईंना वाईट वाटलं. आप्पांना उगाच दमवलं. त्यांनी बसच्या वेळेचा हिशोब करायला सुरुवात केली. आप्पा तोवर ढिगाशी वाकले होते. त्यांनी एक तुकडा उचलला, अंगठ्याने त्याची कड तपासली, दुसरा उचलला, दोन्ही एकमेकांवर आपटले आणि तळव्यात काय जाणवतं ते बघितलं. मग पायरीवर जागा पुसून बसले आणि शेजारी ताईंसाठी हात आपटला.

"थांबू," ते म्हणाले. "आलोच आहोत तर."